कुठे नाही, नुसतीच चालतेय

नको, नको, उठू नका, मी उभीच बरी... बघितलंत? आत पाऊल टाकलं नाही तोच तिघी जणी बाकावरून उठल्या, "या, बसा, दमला असाल." अगं बायांनो, मी बसून बसूनच दमलेय. मसाक्याहून कंपाल्यापर्यंत बसमध्ये बसले, इस्पितळाच्या फाटकाशी बसले, कार्डासाठी बसले, आणि आता ही आपली व्यायामाची नान्योंजो बाई म्हणते कशी, "पेरेपेत्वा आई, या नव्या बायकांना जरा सांगा, उपचार संपल्यावर चालायला तुम्हाला काय अडवतं आणि कशाने हुरूप येतो." एवढं बोलून गेली निघून. काय अडवतं? काय अडवत नाही ते विचार म्हणावं, म्हणजे लवकर संपेल.

तर तुम्हाला सांगते, माझी ही छातीची डावी बाजू. काढून टाकली. लाजायचं काय त्यात, इथे बसलेल्या प्रत्येकीचं काही ना काही गेलंय नाहीतर जाणार आहे. मग ती लाल औषधाची बाटली, मग नखं काळी, केस गेले, भुवया गेल्या, आणि पाय असे झाले की उकडलेल्या केळ्यांचा मटोके बरा, त्याला निदान पानात बांधलेलं असतं. आणि सगळं संपल्यावर ही नान्योंजो काय सांगते? "आता रोज चाला." मला वाटलं थट्टा करतेय. आमच्यात आजारी माणूस झोपतो आणि धडधाकट माणसं त्याला खायला आणून देतात, हाच आजपर्यंतचा रिवाज, आणि ही म्हणते चाला, हात हलवा, फक्त डाव्या हाताने ओझं उचलू नका, सूज येईल. मी हो म्हटलं आणि घरी येऊन आडवी झाले. खरं सांगते, तिच्या सांगण्याने मी काही चालले नसते.

मला चालवलं ते माझ्या भावाने, ॲन्सेल्मने, आणि तेही मला "बस" म्हणून.

झालं असं की ॲन्सेल्मची मुलगी प्रॉसी, तिचं ठरलं. कॉफीची तोड झाली की मुलाकडचे मागणी घालायला येणार. आता आत्याशिवाय आमच्यात मुलगी दिली जात नाही हे तुम्हाला काय सांगायचं. पाहुण्यांपुढे गुडघे टेकायचे, उठायचं, रांगांतून चालत जायचं, पांढरे झगे घातलेल्या त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या बाप्यांतून नवरा शोधायचा, त्याच्यापुढे पुन्हा गुडघे टेकायचे, त्याला उठवून आणायचं, पुन्हा गुडघे... आत्या म्हणजे त्या दिवशी नुसती शोभेची बाहुली नाही, खाली-वर, खाली-वर. आणि ही प्रॉसी माझी. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईकडे नाही गेली, माझ्याकडे आली. आणि मी ओकत होते तेव्हा घमेलं धरायला कोण बसलं होतं? तीच. तिला दुसऱ्या कोणी हाताला धरून मांडवात न्यायची, आणि मी बघत बसायचं?

तर ॲन्सेल्म आला. थोरला भाऊ, दारात आला, मी रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला. टेकले बरं का. उठताच येईना. भिंत धरली, भिंत गुळगुळीत. चटई धरली, चटईच माझ्याकडे आली. शेवटी त्याने काखेत हात घालून मला उचललं, गाठोडं उचलावं तसं, आणि उचलता उचलताच म्हणाला, "पेरेपेत्वा, आत्याचं सगळं बिबियाना करेल. तू पुढे सावलीत नुसती बस."

बिबियाना! आमच्या काकाची मुलगी. माणूस वाईट नाही, पण मागच्या एका समारंभात तिने नवऱ्याऐवजी त्याच्या ड्रायव्हरला उठवून आणलं होतं, आणि तो बिचारा आलासुद्धा! त्या दिवशी मी ठरवलं, मी चालणार. पायात बळ आणणार, गुडघे टेकणार, आणि कोणाचाही हात न धरता उठणार. ठरवायला काय लागतं हो, ठरवणं बसल्या बसल्या होतं.

सकाळी निघाले. फाटकातून बाहेर पडते तो समोर लिओकाडिया, शेजारीण. ही बसली खाली नमस्काराला. रात्र कशी गेली? बरी गेली. घरचे कसे? बरे. तिकडचे? तेही बरे. गाय? गाय बरी. मग ते आपलं हंऽऽ आणि एऽऽ, ती म्हणणार, मी म्हणणार, ती पुन्हा म्हणणार. मग विचारते, "कुठे निघालीस?" म्हटलं, "कुठे नाही, नुसतीच चालतेय." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कपडे घालायला विसरले की काय असं मला वाटलं. "नुसतीच? अगं, पण कुठे?" "कुठेच नाही." "मग परत कुठून येशील?"

आहे का उत्तर?

आणि मग ते आलंच, "आधी बस बाई, दमली असशील." घरापासून तिच्या फाटकापर्यंत! मी म्हटलं दमायला तर निघालेय, तर ती घाबरली. तिची बहीण याच आजाराने गेली, बाजारातून चालत येताना वाटेतच कोसळली, तेव्हापासून लिओकाडियाच्या डोक्यात पक्कं बसलंय की हा आजार झोपलेला असतो आणि हलवला की जागा होतो. आता तिच्याशी काय भांडायचं? डोळ्यांत पाणी आणून चटई अंथरते. बसले. चहा आला, कसावा आला. तिथून उठले तर पुढचं फाटक, पुन्हा रात्र कशी गेली, पुन्हा गाय, पुन्हा कुठे, पुन्हा कुठे नाही, पुन्हा आधी बस बाई दमली असशील, आणि भाजलेले शेंगदाणे. फणसाच्या झाडापर्यंत पोचायला जेवणवेळ झाली. तुम्हाला सांगते, निघाले त्याहून जड होऊन परत आले.

आणि तो वास्वा! बोडावाला, मोटरसायकलवर माणसं नेतो तो. तो माझ्या शेजारून, माझ्याच चालीने, गाडी फुरफुरवत. "आजी, बसा." नको बाबा. "पैसे नकोत, बसा." अरे मला चालायचंय. "आजी, माझा पण विचार करा ना. लोक म्हणतील, वास्वाने आजारी बाईला पायी जाऊ दिलं, मग माझ्या गाडीवर कोण बसेल?" त्याचं पोट माझ्या पायांवर! आणि सगळा धूर माझ्या तोंडात. चार पावलं चालले नाही तोच शंभर गोष्टी उठल्या, भाऊ तिला गाडीभाडं देत नाही, औषध डोक्यात गेलंय, आणि बघा कशी वाळलीये, चालून चालून उरलीसुरली पण जाईल. आमच्याकडे बाई गोल असली म्हणजे बरी असते, हे तुमच्याही घरी असंच असणार.

त्यात ही पिशवी. म्हणजे ही इथली, डावीकडची. प्रॉसीने शिवून दिली, आत बाजरी भरली, वजन बरोब्बर खऱ्यासारखं. बसलं की छान बसते. पण चालायला लागलं की तीही चालायला लागते! चढावर निम्म्यात आले की ती खांद्याशी. एकदा शिवण उसवली, मला पत्ता नाही, मी आपली ऐटीत चाललेय आणि मागे लिओकाडियाच्या कोंबड्या रांगेने टिपत टिपत. त्या सगळ्या गावात मला बस न म्हणणाऱ्या तेवढ्याच.

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, लोकांना कुठे जातेय ते हवंय ना, देऊ. पाण्याचा रिकामा कॅन डोक्यावर घेतला. डोक्यावर काही असलं की माणसाला कोणी फार थांबवत नाही. कसलं काय! आजारी बाई पाणी भरतेय म्हटल्यावर पहिल्याच वळणावर कोणीतरी कॅन ओढून घेतला, आणि मी घरी येण्याआधी तो भरून माझ्या दारात. दुसऱ्या दिवसापासून न सांगता पाणी यायला लागलं. घरात रिकामं भांडं राहिलं नाही, मी चहाच्या पातेल्यातसुद्धा पाणी साठवलंय. आणि मी कुठे? घरात. बसलेली.

सगळं गावावर ढकलत नाही मी. काही दिवस गाव अडवत नाही, आपणच अडवतो. सकाळी डोळे उघडतात, पाय उघडत नाहीत. झोपून उठलं तरी दमलेलं. आणि चढावर धाप लागली, छातीत धडधडलं की पहिला विचार एकच येतो, आलं वाटतं परत. गुडघा दुखला तरी तेच, पाठ दुखली तरी तेच. मी वाटेत थांबून रडलेय हो, एकटी, आणि चटकन डोळे पुसलेत, कारण कोणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं ते तुम्हाला आता पाठ झालंच असेल.

मग एक दिवस पलीकडच्या वस्तीत कोणी गेलं. मी फाटकाशी उभी, आणि बायका चालल्यात मयताला, अंगात पायघोळ गोमेसी, कमरेला कापड बांधलेलं, काखेत गुंडाळलेली चटई. आणि काय सांगू, त्यांना कोणी थांबवेना! लोक बाजूला होतायत, मान खाली घालतायत, दुकानातला रेडिओ बंद होतोय. ना रात्र कशी गेली, ना गाय, ना शेंगदाणे. सरळ रस्ता, टेकडीवरच्या चर्चपर्यंत मोकळा! मी म्हटलं, हेच ते.

दुसऱ्या दिवशी मी मातकट रंगाची गोमेसी अंगात चढवली, कापड बांधलं, उजव्या काखेत चटई, चेहरा लांबट केला, तो काही फार करावा लागत नाही आजकाल, आणि निघाले. लिओकाडिया दारात. मला बघून मान खाली. वास्वाने गाडीच बंद केली. अहो, मी चालले! फणसाच्या झाडाच्या पुढे गेले, कॉफीच्या मळ्याच्या पुढे गेले, धाप लागली तरी थांबले नाही, कारण दुःखी बाईला धाप लागलेली शोभते. रोजचं झालं. पायात हळूहळू जीव आला. मागच्या अंगणात केळीच्या बुंध्याला धरून गुडघे टेकायचे, उठायचं, आणि मग एक दिवस बुंधा न धरता उठले. केळीखेरीज कोणी बघितलं नाही. मी तिलाच सांगितलं, बघितलंस का?

आता माझी चूक काय झाली, तर मयताला जाणाऱ्याला कोणी थांबवत नाही हे मला आठवलं, पण त्याच्या मागून सगळे जातात हे मी विसरले. आपल्यात मयत चुकवणं म्हणजे काय असतं ते माहितीये ना? आपल्या दारात उद्या कोण येणार मग? आणि लिओकाडियाने विचार केला, ही रोज जातेय, रडून लाल होऊन परत येतेय, म्हणजे घरातलंच कोणीतरी, आणि आपण शेजारी असून अजून तोंड दाखवलं नाही. झालं. निघाली माझ्या मागून. तिला बघून दुसरी, दुसरीला बघून तिसरी. आणि वाटेत रडत्या माणसाला कोण गेलं म्हणून विचारायचं नसतं, त्यामुळे मागच्याला वाटतंय पुढच्याला माहितीये, आणि पुढच्याला वाटतंय मला. आणि मला काय माहिती? मला मागे पावलं ऐकू येतायत, पण मयताचा चेहरा करून मागे कसं बघायचं? मी जोरात चालले. तीही जोरात चालली पावलं!

वर पोचले, चर्चच्या आवारात, वळले... आणि अख्खं गाव. बायकांच्या डोक्यावर केळ्यांचे घड. वास्वाने गाडी बंद करून वरपर्यंत ढकलत आणलेली. म्हाताऱ्या कासिरीवूने तर झाडाच्या सालीचं कापड आणलेलं, प्रेताला गुंडाळायचं, नवं कोरं. आणि सगळ्यात मागे आमचा ॲन्सेल्म, टोपी छातीशी धरून ढसाढसा रडतोय. कोण गेलं ते त्याला कळलं नव्हतं, म्हणून एकेका नातलगाचं नाव घेऊन रडत होता, म्हणजे कोणी सुटायला नको. मी बिबियानाचं नाव माझ्या कानांनी ऐकलं.

लिओकाडियाने हळूच विचारलं, "कुठल्या घरी जायचं?"

मी म्हटलं, "कुठे नाही, नुसतीच चालतेय."

"मग गेलं कोण?"

"कोणी नाही. मी जाऊ नये म्हणून चालतेय."

कासिरीवूने ते सालीचं कापड घडी घालून पाठीमागे लपवलं. मग ॲन्सेल्म पुढे आला. रडणं थांबलेलं, मान फुगलेली. "तू गावाला खोटं रडवलंस? आपल्या बापाचं नाव लावून? मी बिबियानाला रडलो, पेरेपेत्वा! उद्या खरंच कोणी गेलं तर कोण येईल आपल्या दारात?" आणि खरंच होतं ते. थोरला भाऊ आहे, चूक माझी आहे, माफी मागायची तर एकच रीत. मी तिथेच मातीत गुडघे टेकले. म्हटलं, "चुकले, दादा. पण तू मला गाठोड्यासारखी उचललीस ना त्या दिवशी, ते मला सहन झालं नाही. प्रॉसीसाठी मला माझ्या पायांवर उठायचंय." दोघी-तिघी मला उठवायला पुढे आल्या, मी त्यांना हात दाखवून थांबवलं. आणि उठले. कशाला न धरता, एका दमात, उभी.

ॲन्सेल्म बघतच राहिला. मग म्हणाला, "परत कर."

मी परत केलं. लोक समोर उभे, काही जणी रडत होत्या, आता कशासाठी ते त्यांचं त्यांना ठाऊक. ॲन्सेल्मने टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि म्हणाला, "प्रॉसीला सांगतो, तुझ्या गोमेसीचं माप नव्याने घ्यायला. जुनी सैल होतेय तुला." एवढंच. बिबियानाचं नाव नाही. मी तोंड फिरवून चटईत रडले, आणि ते रडणं खरं होतं.

केळी आणलीच होती, ती तिथेच शिजवली, सगळे जेवून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी फाटक उघडते तो लिओकाडिया काखेत चटई घेऊन उभी. "चल," म्हणाली, "मी मागून येते. कोसळलीस तर धरायला कोणीतरी हवं." तेव्हापासून येते. आता तर आणखीही बायका येतात. ती फणसाच्या झाडाशी धापा टाकते, मी मात्र तिला बस म्हणत नाही. सूड आहे तो माझा.

आणि मग तो दिवस आला. मांडव, ढोल, पाहुणे. नवी निळी गोमेसी, पिशवी आत पिना लावून पक्की केलेली, चारी बाजूंनी. मी गुडघे टेकले, उठले. रांगांतून गेले, नवरा शोधला, ड्रायव्हर नाही, नवराच! पुन्हा टेकले, पुन्हा उठले. बिबियाना सबंध वेळ माझ्या मागे हात पुढे करून, आता पडेल, मग पडेल. मी एकदाही तिच्या हाताला शिवले नाही. प्रॉसीने मांडवात माझ्याकडे बघितलं, आणि तिने नुसती मान हलवली. ते कसं सांगू? ते राहू दे. ते माझं आहे.

मग मुलाकडच्यांचा बोलणारा माणूस उभा राहिला. म्हणाला, "या आत्याबाई किती मोठ्या दुखण्यातून उठल्या ते आम्हाला कळलं. त्यांच्यासाठी आम्ही खास भेट आणली आहे." आणि चार बाप्ये ती भेट घेऊन मांडवात आले, वर लाल फीत बांधलेली. सोफा! एकट्याचा, पण एवढा थोरला, एवढा मऊ, की माझ्या अख्ख्या घरात मावायचा नाही. नेऊन ठेवला माझ्यापुढे, बायकांनी किलकाऱ्या मारल्या, आणि तो माणूस हात जोडून म्हणतो, "आत्याबाई, फार दमलात. आता बसा."

दिलेल्या भेटीला नाही म्हणायचं नसतं. मुलीचं लग्न आहे. सगळा मांडव बघतोय.

बसले. म्हणजे बसले कसली, बुडाले. गुडघे हनुवटीशी आले, पाय जमिनीवरून सुटले, आणि पुढचा नमस्कार घ्यायला उठायला गेले तर तो सोफा काही सोडेना! सबंध दिवस कोणाचा हात न धरलेली मी, शेवटी हात पुढे केला... आणि म्हटलं, "बिबियाना, डावा नको गं, उजवा ओढ."